रिकाम्या पाळण्याचा आवाज

“बसा गं पोरींनो, दांडी घट्ट धरा! वर गेलात की शिवडीची जहाजं दिसतील. भ्या वाटलं तर डोळे मिटा, पण दांडी सोडू नका!”

राधानं हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती परकरातली पोर होती. भोईवाड्याच्या जत्रेत लाकडी पाळणा हातानं ओढून फिरवणारा तो उंचापुरा माणूस, बाबुराव, पुढं आपला सासरा होणार, हे तिला कुठं ठाऊक! गिरणी बंद पडली आणि बाबुरावांनी, म्हणजे आबांनी, मागाऐवजी पाळणा धरला. त्यांचा राजरत्न मोठ्या पार्कात विजेच्या आकाशपाळण्यावर लागला. “मी खांद्यानं फिरवला, हा बोटानं फिरवतो,” म्हातारा साऱ्या चाळीला सांगत सुटायचा.

मग करोना आला नि पार्काची दारं मिटली. पण माणसं नाहीत म्हणून पाळणा उभा ठेवून चालत नाही. तो गंजतो, जागीच जाम होतो. तेवढ्यासाठी मालकांनी मोजकी माणसं आतच ठेवून घेतली. खाणं-पिणं, झोपणं आत. बाहेर पडलात तर परत यायचं नाही. चाळीतला गौतम तिथंच कामाला होता. आजारी आईला बघायला एक रात्र घरी आला. सकाळी परत गेला तर गेटवरच त्याला हिशेब मिळाला. आता तो परळला भाजीची गाडी लावायचा.

राजरत्न मात्र टिकला. रोज सकाळी तो रिकामा पाळणा चालू करी, घरी फोन लावी आणि आवाज जावा म्हणून मोबाइल उंच धरी. इकडे आबा बटणाचा फोन कानाला लावून डोळे मिटून बसत.

“खाली येताना रडतोय रे. ग्रीस मार.”

“मारतो, आबा.”

बापलेकाचं बोलणं एवढंच. पण त्यावर म्हाताऱ्याचा दिवस गोड जायचा.

दुसऱ्या लाटेत आबांना ताप आला. दवाखान्यात चालत गेले आणि प्लास्टिकात बांधून बाहेर आले. राधाला तोंडही बघू दिलं नाही. अग्नी गौतमनं दिला. भोईवाड्याच्या स्मशानातून परत आला आणि दारातच उभा राहिला.

“वहिनी, राजाला फोन लावतो.”

“नका लावू.”

“बाप गेल्याचं पोरानं ऐकायला नको?”

“ऐकतील आणि उठून येतील. मग? त्यांनीही तुमच्याशेजारी भाजीची गाडी लावायची?”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. गौतम कसनुसा हसला. “लावू दे की. कांदे मी विकीन, बटाटे त्याला देईन.” मग खाली बघत म्हणाला, “लोकांना मी गप्प करतो. पण हे बरं नाही, वहिनी.”

दुसऱ्या सकाळी फोन वाजला. राधानं तो कानाला लावला. आतून पाळण्याची घरघर येत होती.

“आबा कुठायत?”

“इथंच आहेत. कवळी तुटलीय त्यांची. दातवाल्याचं दुकान बंद आहे, आणि बोळक्या तोंडानं ते फोनवर येतात होय? माहितीय ना त्यांचा नखरा!”

राजरत्न खळखळून हसला. “चला, शिव्या तरी वाचल्या! विचार त्यांना, कसा वाटतोय आवाज?”

राधानं रिकाम्या खाटेकडं बघितलं. अंथरुणाची घडी पायथ्याशी होती.

“खाली येताना रडतोय म्हणतायत. ग्रीस मार.”

तेव्हापासून हे रोजचंच झालं. दळताना ओव्या गाणाऱ्या आईची ती लेक. फोन ठेवला की ओठांत आपोआप जुळायचं:

रिकामा फिरं पाळणा, वारा बसून जातो
गेल्या माणसाचा निरोप, माझ्या तोंडी येतो

आबांच्या मागं करायच्या जलदानविधीच्या दिवशीही फोन आला. फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या होत्या, चार शेजारी पंचशील म्हणत होते. घंटी वाजली तसे सगळे जागच्या जागी थबकले. राधानं भिंतीकडं तोंड करून सांगितलं, “झोपलेत. काल उकाड्यानं डोळा लागला नाही त्यांचा.” तिनं फोन ठेवल्यावर पंचशील पुन्हा सुरू झालं. आपण माणसाला दुसऱ्यांदा मारतोय की जागवतोय, हेच तिला कळेना.

हळूहळू ती खरोखरच ऐकायला लागली. एका सकाळी म्हणाली, “आज वर जाताना अडखळतोय.” तासाभरानं राजरत्नचा पुन्हा फोन. “अगं, एक नट ढिला निघाला! म्हातारा अजून पक्का आहे बघ!” त्या दिवशी तिनं जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं.

एकदा भर दुपारी फोन वाजला. पाळण्याची घरघर नव्हती. लोखंडावर घण पडत होते.

“राधा, पार्क विकलं गं. सकाळीच सांगितलं. सगळ्यांना काढलं. भंगारवाले पाळण्याचे डबे उतरवतायत, माझ्या डोळ्यांदेखत.”

ज्या नोकरीसाठी राधानं एवढं केलं, तीच गेली होती.

“वर्षभर रिकामा फिरवला आम्ही. कुणासाठी फिरवला गं?” तो लहान पोरासारखा रडत होता. “आबांना दे. कवळी नसली तर नसू दे, बोबडं बोलू दे. एकदा फक्त ‘राजा’ म्हणू दे.”

“तुम्ही आधी घरी या.”

“येतोय. पण आत्ता दे. राधा, फोन दे त्यांच्याकडं.”

पलीकडं काहीतरी जड कोसळल्याचा आवाज आला.

“अहो,” राधा म्हणाली, “आबा दवाखान्यातून परत आलेच नाहीत. तुमची नोकरी जाईल म्हणून मी सांगितलं नाही. महिना उलटून गेला. आबांच्या नावानं रोज सांगत होते, ते माझंच होतं.”