बाजूच्या सीटचा ब्रेक

पेपर हातात आला. प्रश्न चौथा, सगळ्यात आधी.

कारण पहिले तीन त्याला येत होते आणि या चौथ्यानंच त्याला दोनदा तोंडावर पाडलं होतं. 'दोन्ही लेखकांच्या दृष्टिकोनांची तुलना करा.' इंग्रजीतलं एवढंसं वाक्य, पण त्याच्या राशीलाच लागलेलं. ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस तो. इंग्रजीचा हा पेपर सुटला तर अवजड गाड्या शिकवायची जागा मिळणार होती, आणि ती जागा आणखी एका परीक्षेपर्यंत कुणी राखून ठेवणार नव्हतं.

पाय हलत होता. उजवा. बाकाखाली तो ब्रेक दाबत होता. शिकाऊ गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तिथं बसून बसून पायाला खोडच जडली होती. झोपेतही दाबतो, असं बायको म्हणायची.

पुढच्या बाकावर त्याची मुलगी. दोघांचे अर्ज एकदम भरलेले, म्हणून नंबर लागोपाठ. तिची शाळेची शेवटची परीक्षा, त्याची राहून गेलेली. घरी जेवणाच्या टेबलावर तीच त्याची मास्तरीण.

"बाबा, तू परत निकाल दिलास."

"मग? हा सरळ सरळ थापा मारतोय."

"खरं कोण ते विचारलंच नाहीये. कुणाला काय वाटतं, ते तो कसा सांगतो, एवढंच. एकाचं सांग, मग 'व्हेअरॅज' लिही, म्हणजे 'याउलट', मग दुसऱ्याचं सांग."

"आणि मला काय वाटतं?"

"तुला कोण विचारतंय?"

भांडी विसळणारी बायको म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी दुसरं काय सांगतेय?"

उतारा पहिला. एक बाप मुलीला पोहायला शिकवतो. म्हणजे तलावात ढकलतो. ओरडली, पण पोहली, असं अभिमानानं लिहितो. वाक्यं आखूड, हुकूम सोडल्यासारखी.

उतारा दुसरा. दुसऱ्याच कुणा बाईचा, बऱ्याच काळानंतरचा. तीही बापाकडूनच पोहायला शिकलेली. पण पाण्याबद्दल फारसं काही नाहीच. काठावर बापाचे पाय दिसत होते, कोरडे, हेच ती फिरून फिरून सांगते.

लिहिलं: पहिला लेखक बरोबर आहे.

खोडलं.

लिहिलं: दुसरीला बापाचे उपकार कळत नाहीत.

खोडलं. इतकं की कागद फाटला.

वर्गावरच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. "पायाचा आवाज होतोय."

"सॉरी." पायावर पाय ठेवला. आता दोन्ही हलायला लागले.

काठावर पाय. कोरडे. याचं काय लिहायचं माणसानं?

मुलगी मान खाली घालून लिहीत होती. त्याला नुसती तिची पाठ दिसत होती. तो गोल चौक आठवला. मुलगी गाडी चालवत होती, डावीकडून एक गाडी घुसली, आणि यानं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबली. तिनं इंजिन बंद केलं, चावी त्याच्या मांडीवर ठेवली आणि चालत घरी गेली. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता तिनं. मी होतो म्हणून वाचलो, हे त्यानं शेजाऱ्यांना सांगितलं, मेव्हण्याला सांगितलं, पेट्रोल भरणाऱ्यालाही सांगितलं.

तिनं कुणाला काय सांगितलं?

माहीत नाही. विचारलंच नव्हतं.

त्यानं पेन उचललं. दुसरी लेखिका पाय पुन्हा का आणते, लिहिलं. तिची वाक्यं संपता संपता पुढे का घसरतात, लिहिलं. ती बापाला एकही वाईट शब्द बोलत नाही आणि तेच कसं टोचतं, तेही लिहिलं. पान भरलं, पुरवणी घेतली. उरलेले तीन प्रश्न घाईघाईत उरकले आणि घंटा झाली.

बाहेर, शिकाऊ गाडीपाशी.

"चौथा?"

"लिहिला."

"निकाल नाही ना दिलास?"

"छे."

"व्हेअरॅज?"

"ते राहिलं. दुसरीचंच लिहीत बसलो."

ती थांबली. "आणि पहिल्याचं?"

"त्याचं मला पाठच आहे गं. म्हणून राहिलं."

"अरे बाबा. अर्धे मार्क गेले."

"गेले."

"आणि जागा?"

त्यानं वाकून टायरची हवा दाबून पाहिली. मग म्हणाला, "त्या चौकात. ती गाडी तुला दिसली होती का?"

"दिसली होती. माझा पाय ब्रेकवरच होता. तू आधी दाबलास."

त्यानं खिसे चाचपले. चावी काढून तिच्यासमोर धरली. तिनं ती घेतली.

तो बाजूच्या सीटवर बसला आणि दोन्ही पाय वर घेतले.

"मांडी काय घालतोस, जेवायला बसल्यासारखी?"

"तू चालव."

"पट्टा लाव आधी."

पहिल्याच वळणावर मांडीखालचा उजवा पाय सीटवरच दाबला गेला. गाडी चालतच राहिली.