कुबट वासाची बाटली

वाइन विकणाऱ्याचं नाकच गेलं, तर त्यानं ते कुणाला सांगायचं? नाकवाल्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. सगळे त्यांना याच नावानं ओळखत. पेला नुसता हुंगून, द्राक्षं समुद्राकाठची की डोंगरउतारावरची, हे ते बिनचूक सांगत. हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि उतरताना वास घेऊन गेला. जिभेला आंबट, गोड, कडू तेवढं कळे. बाकी सगळं पाणी.

दुकानाच्या माडीवर दर महिन्याला वेगवेगळ्या मुलखांतल्या वाइन चाखायची बैठक भरे. ती बंद केली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं. म्हणून नाकवाले पाठांतरावर वेळ मारून नेत होते. बाटलीवरचा मुलूख वाचायचा आणि जुनी पुंजी बाहेर काढायची: इथली माती काळी, म्हणून धुराचा वास, तिथे रात्री गार, म्हणून लिंबाची साल.

या खेपेच्या बैठकीला बायकोनं आपल्या धाकट्या बहिणीला आग्रहानं बसवलं होतं आणि स्वतः ती खाली दुकान सांभाळत होती. मेहुणी नुकतीच नवऱ्यापासून वेगळी झाली होती. ‘तुला काय कळतंय?’ हे त्या घरातलं पालुपद ऐकून ऐकून ती चारचौघांत तोंड उघडेनाशी झाली होती.

नदीखोऱ्यातली तांबडी वाइन ओतून झाली. नाकवाल्यांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, “पिकलेली आलुबुखारं. मागून जराशी दालचिनी.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेहुणीनं दोनदा हुंगलं.

“भाऊजी, मला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय,” ती हळूच म्हणाली. “की मलाच येतोय?”

बूच खराब निघालं की वाइनला नेमका हाच वास धरतो, हे नाकवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसरी बाटली उघडली असती तर काम भागलं असतं. पण मग पहिल्या बाटलीतली आलुबुखारं कुठून आली, हे कुणीतरी विचारलं असतं.

“आमच्या मेहुणीबाईंचं नाक अजून चहाच्या पातेल्यातच अडकलंय,” ते म्हणाले.

माडी हसली. मेहुणीही हसली आणि तिनं तो पेला शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडी आवरताना बायकोनं उरलेली बाटली हुंगली. “अहो, ही तर कुबट झालीय. ही पाजलीत लोकांना?”

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तिनं बाटलीला बूच लावलं. मग म्हणाली, “नाक गेलं, त्याला तुम्ही काय करणार? पण तिला का हसलात?”

दुपारी ते मेहुणीच्या भाड्याच्या खोलीवर गेले. तिनं खुर्ची पुढे केली, पण त्यांना बसवेना. उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं.

“घरी आल्यावर मी साबण हुंगून पाहिला,” ती म्हणाली. “मग कॉफीचा डबा. वाटलं, आता आपलं नाकसुद्धा चुकायला लागलं.”

“चुकलं माझं. माफ कर.”

“इथे कशाला माफी मागता, भाऊजी? हसले ते सगळे तिथे होते.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना जिना उतरताना वाटलं.

पुढच्या बैठकीला मेहुणी आली नव्हती. एकही बूच न काढता नाकवाले उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. नाकाचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं. मेहुणीचं बरोबर होतं आणि मी ते मुद्दाम हसण्यावारी नेलं, हेही सांगितलं. शब्द सुटे सुटे, अडखळत येत होते.

“पण मला तर आलुबुखाराचा वास खरंच आला होता,” दातांचे डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. बाकीचे पेल्यांच्या तळाशी बघत बसले. दोघं उठून गेले.

आठवड्याभरानं मेहुणीचा फोन आला.

“ताई म्हणाली, सांगितलंत.”

“हो.”

“बरं केलंत.”

“पुढच्या महिन्यात येशील?”

“बघते,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. ही कशी आहे, असं बाटली दाखवून विचारत होतं. नाकवाल्यांचे कान अजून तापलेलेच होते. “मला वास येत नाही,” ते म्हणाले, “बायकोला बोलावतो.”