चौदा हजार पिशव्या कशाला?

ताडपत्री शिवणाऱ्या त्या कारखान्यात माणसं तीनच होती. मास्तर कापड बेतायचे, त्यांची बायको, म्हणजे वहिनी, जाड सुईच्या मशीनवर बसायची आणि मास्तरांची थोरली बहीण टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून पत्रव्यवहार बघायची. वहिनी तिला वन्सं म्हणायची. ऐकून ऐकून सगळी गल्लीच तिला वन्सं म्हणू लागली होती, अगदी तिच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा.

वन्संना एक खोड होती. हाती आलेला कागद त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, वीजबिलामागचे बारीक अक्षरातले नियम, काही म्हणजे काही सुटायचं नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पाकिटं हाताळली आणि एकही उघडून वाचता आलं नाही, त्याचा वचपा ताई आता काढते आहे, असं मास्तर म्हणत.

धंदा मंदावला होता. पूर्वी ट्रकवाले दर हंगामाला नवी ताडपत्री शिवून घ्यायचे. आता बहुतेक ट्रक पत्र्याच्या बंद पेटीचे झाले होते. अशात बातमी आली, की दीड वर्षानं शहरात धावण्या-उड्यांची मोठी स्पर्धा भरणार आहे आणि साठेक देशांचे खेळाडू येणार आहेत. बाजारात एकच चर्चा सुरू झाली. ज्याच्याकडे शिलाई मशीन होतं त्याला खेळाडूंचे कपडे शिवायचे होते, ज्याच्याकडे छपाई होती त्याला झेंडे हवे होते. मास्तरांनीही टोप्यांचा विचार करून पाहिला आणि सोडून दिला. जाड सुईखाली टोपीचं कापड चाळणीसारखं दिसायला लागलं होतं.

वन्संनी मात्र वाचनालयातल्या संगणकावरून खरेदीची सगळी यादीच छापून आणली. तीनशे चाळीस वस्तू होत्या. चार दिवस त्या यादी घेऊन बसल्या. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी वहिनीला मशीन थांबवायला लावलं.

"वहिनी, हे ऐक. बाब क्रमांक दोनशे सतरा. वजनपिशव्या, वाळू भरलेल्या, नग चौदा हजार. धावण्याच्या स्पर्धेत चौदा हजार वाळूच्या पिशव्या कशाला लागतात गं?"

मास्तर म्हणाले, पूर येणार असेल. पण प्रश्न तिघांच्याही डोक्यात घर करून बसला. जेवताना वहिनी मध्येच म्हणायची, तंबूसाठी असतील. मग स्वतःच म्हणायची, तंबूला खुंट्या असतात की. शेवटी रविवारी कॉलेजच्या मैदानावर शाळांच्या स्पर्धा होत्या, तिथं दोघी नणंद-भावजया जाऊन बसल्या. मुलं धावत होती, पालक ओरडत होते आणि या दोघी मात्र कुठल्या वस्तूच्या पायाशी काय ठेवलंय ते वहीत लिहीत होत्या. वेळेचा फळा, झेंड्यांच्या काठ्या, छत्र्या, दोर बांधलेले खांब, कॅमेऱ्याची तिपाई. सगळ्यांच्या पायाशी पिशव्या होत्या.

मैदान राखणारा म्हातारा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होता. अखेरीस तो जवळ आला आणि बायांनो, तुम्ही मोजता तरी काय, म्हणून त्यानं विचारलं. वन्संनी खरं ते सांगितलं. त्याला आनंदच झाला. पिशव्यांबद्दल त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्यानं त्यांना धावपट्टीच्या कडेला नेलं. ही पट्टी रबराची, तिच्यात खिळा ठोकायची सोय नाही, म्हणून मैदानावर जे जे उभं राहतं ते वजनावर उभं राहतं, असं त्यानं समजावलं. पिशव्या पंचवीस किलोच्या, उचलणारी कॉलेजची पोरं, मग ती उचलत नाहीत, फरफटत नेतात आणि पिशवी फाटते. वारा सुटला की गुळगुळीत पिशव्या सरकतात आणि फळा चालायला लागतो.

"आणि वाळू सांडते, त्याचं काय सांगू," तो म्हणाला. "बुटाखाली कण आला की पोरगी घसरलीच. दर शर्यतीआधी मी गुडघे टेकून झाडतो. माझ्या गुडघ्यांना विचारा."

कारखान्यात शिरल्या शिरल्या वहिनीनं ताडपत्रीचा तुकडा घेतला आणि पिशवी शिवली. ट्रकच्या ताडपत्रीच्या काठाला घालतात तशी दुमडीवर दुमड घालून तिनं शिवण पक्की केली. वाळू भरून तोंडही तसंच शिवलं. टेबलावरून खाली टाकली. खाली अंथरलेल्या काळ्या कापडावर वाळूची बारीक रेघ उमटली. दुसरी शिवली, तिसरी शिवली, रेघ काही जाईना. वन्संनी भिंग आणलं तेव्हा कारण कळलं. वाळू शिवणीतून येतच नव्हती, ती सुईच्या भोकांतून येत होती. तीस वर्षं ज्या टाक्यावर वहिनीनं संसार चालवला, त्या टाक्याची भोकं तिनं पहिल्यांदाच एवढी मोठी बघितली.

मागच्या गल्लीत साबणाच्या पावडरीचे पाऊच बंद करून देणारे एक काका होते. वहिनी पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेली. काकांनी वाळू जाड प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये भरली आणि तापल्या पट्टीखाली तोंड चिकटवलं. साबणाची पावडर सांडत नाही तर वाळूची काय बिशाद, असं ते म्हणाले. तो पाऊच ताडपत्रीच्या पिशवीत घातला. पन्नास वेळा टाकली. काळं कापड काळंच राहिलं. पिशवी सरकू नये म्हणून वहिनीनं कापडाची खरखरीत बाजू बाहेर घेतली , पोरांना फरफटत न्यावी लागू नये म्हणून वजन बारा किलोच ठेवलं आणि दोन हातांनी धरता यावी म्हणून दोन्ही टोकांना पट्टे लावले.

आता कागदांची बाजू. टेंडरच्या अटी वाचून मास्तरांनी हात टेकले. अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा होता, आणि आपण तर जन्मात स्पर्धेला माल दिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. वन्सं खरेदी कार्यालयात जाऊन मदतीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, की अशाच कामाचा म्हणजे जाड कापड शिवण्याचा, स्पर्धेचा नव्हे. ट्रकवाल्यांकडून पत्रं आणा. शिवाय दोन लहान धंदे मिळून एक अर्ज करू शकतात, म्हणजे काकांनाही सोबत घेता येणार होतं. ऑनलाइन नोंदणी दोनदा परत आली, कारण एका कागदावर 'ताडपत्री' होतं आणि दुसऱ्यावर 'ताडपतरी'. तिसऱ्यांदा ती मंजूर झाली.

खरा पेच पुढंच होता. टेंडरमध्ये पिशवी पंचवीस किलोची, एका थराची मागितली होती. त्यांची पिशवी बारा किलोची आणि दोन थरांची. तशीच पाठवली तर पहिल्याच चाळणीत बाद झाली असती. प्रश्न विचारायला पंधरा दिवसांची मुदत होती, पण नियम असा, की विचारलेले सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरं सगळ्या इच्छुकांना पाठवायची. वन्संनी अकरा प्रश्न लिहून काढले. पिशव्या कोण उचलणार? रबरावर वाळू सांडली तर चालेल का? वाऱ्यात पिशवी सरकू नये अशी अपेक्षा आहे का?

मास्तरांचा आवाज सहसा चढत नसे. त्या दिवशी चढला. "ताई, हे प्रश्न नाहीत, ही आपली अक्कल आहे. ती तू फुकट वाटायला निघालीस. बडे पुरवठादार हे वाचतील आणि उद्या आपलीच पिशवी शिवतील."

"शिवतील," वन्सं म्हणाल्या. "पण न विचारता आपण दारातच अडकणार. आणि विचारलं नाही तर त्या मैदानावर पुन्हा कुणीतरी गुडघे टेकून झाडणार."

निर्णय वहिनीवर आला, कारण पिशवी तिची होती. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. मग म्हणाली, "विचारा वन्सं. आपले प्रश्न वाचून त्यांनाही शिवता येईल, पण शिवायला बसल्यावर काय काय अडतं ते आपल्याला आधी कळलंय."

पंधरवड्यानं उत्तरं आली. वजन बारा किलो केलं होतं, दोन थर मागितले होते आणि पिशवी सरकते का याची चाचणी घेतली जाणार होती. काम दोन भागांत वाटलं होतं: मुख्य मैदानासाठी चार हजार, रस्त्यांसाठी दहा हजार. मास्तरांनी सगळ्या चौदा हजारांचा आग्रह धरला. मोठं दिसलं तरच मोठं काम मिळतं, असं त्यांचं मत. वहिनीनं घड्याळ लावून दहा पिशव्या शिवल्या आणि दिवसाला किती होतील ते मांडून दाखवलं. दहा आठवड्यांत चार हजार, त्याहून एकही जास्त नाही. वन्संनी अर्जात तेवढंच लिहिलं आणि पुढं जोडलं: 'याहून अधिक आमच्याने होणार नाही.' असं कुणी लिहितं का, म्हणून मास्तरांनी कपाळाला हात लावला.

चाचणीला वहिनी आणि काका गेले. एका मोठ्या खोलीत रबराचा काळा पट्टा अंथरला होता. पाच जणांच्या पिशव्या आल्या होत्या आणि त्यातल्या दोन पाहून काकांनी हळूच वहिनीला कोपर मारलं. वहिनीच्याच पिशवीची चुलत भावंडं शोभतील अशा त्या होत्या. मास्तरांचं भाकीत खरं झालं होतं. पिशव्या टेबलावरून पन्नास वेळा टाकल्या. तीन पिशव्यांतून काहीच सांडलं नाही. मग प्रत्येकीला तराजूचा काटा अडकवून ओढलं. बड्या पुरवठादाराची पिशवी गुळगुळीत कापडाची होती, ती चटकन सरकली. वहिनीची जागची हलेना. ओढणाऱ्या माणसानं काटा दोनदा तपासला, मग पिशवी उलटी करून खालून कापडावर बोट फिरवलं आणि हे कुठलं कापड म्हणून विचारलं. ट्रकचं, वहिनी म्हणाली.

मैदानाचं काम त्यांना मिळालं; रस्त्यांचं, जिथं खालचं डांबरच खरखरीत, ते बड्या पुरवठादाराला. खरेदी कार्यालयातल्या अधिकाऱ्यानं नंतर वन्संना सांगितलं, की बाकी सगळ्यांनी 'हवे तेवढे देऊ' असं लिहिलं होतं. आकडा फक्त तुमच्याच अर्जात होता, आणि त्यावर विश्वास ठेवता आला.

दहा आठवडे कारखान्यात बोलायलाही कुणाला फुरसत नव्हती. शेजारच्या दोन शिंपिणी मदतीला आल्या, काकांची पट्टी तापलेलीच राहिली. शेवटची पिशवी मुदतीच्या दोन दिवस आधी गेली. स्पर्धा झाली. वाळूवरून कुणी घसरल्याची बातमी आली नाही, म्हणजे पिशव्यांची बातमीच आली नाही.

आठवड्यानं खरेदी कार्यालयाचं पत्र आलं. सर्व माल आठ दिवसांत परत उचलावा, असं त्यात होतं. वन्संनी कागद काढले. प्रश्नोत्तरांत दुसऱ्या कुणीतरी विचारलं होतं, नंतर पिशव्यांचं काय? उत्तर होतं, पुरवठादारानं न्याव्यात. वन्संनी अधीरपणे आपल्या अकरा प्रश्नांची उत्तरं तेवढी वाचली होती. बाकीची साठ राहून गेली होती. दिवसभर त्या ती साठ वाचत बसल्या. मास्तरांना टोमणा मारायची आयती संधी होती. पण त्यांनी चहा करून वन्संपुढं ठेवला आणि ट्रक ठरवायला गेले.

पिशव्या आल्या आणि अंगणात पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. वहिनी दोन दिवस तिच्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "वन्सं, ज्यांना एकाच दिवसापुरतं वजन लागतं, ते लोक काय करत असतील हो?"

वन्संनी मान वर केली. दोघींनी चपला घातल्या आणि मांडववाल्याकडे गेल्या. तो दगड आणि पाण्याचे पिंप वापरत होता; दगड पायावर पडायचे आणि पिंप गळायचे. तो लगेच बघायला आला. पिशवी दोन्ही पट्ट्यांनी उचलली, ठेवली, पायानं ढकलून पाहिली. दोनशे भाड्यानं नेईन म्हणाला. मग त्याला शंका आली. ओली झाली की हिचं वजन वाढतं का? आणि पाणी आत राहतं का?

तिघांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. वहिनीनं घमेलं भरून आणलं, मास्तरांनी आधी पिशवीचं वजन करून घेतलं आणि ती पाण्यात ठेवली. मांडववाला कामाची घाई असूनही गेला नाही. चौघंही घमेल्याभोवती उभी राहिली आणि पाण्यावर एखादा बुडबुडा येतो का ते बघत बसली.