कातळावरचं लॉन

"माजी विद्यार्थी हाच सरकारी महाविद्यालयाचा कणा असतो," असं निलेश शिरधनकर माइकवर म्हणाले, आणि मुंबईहून दहा तास गाडी चालवल्यामुळे स्वतःचा कणा धरून लगेच खाली बसले. टाळ्या झाल्या. मेळावा दरवर्षीप्रमाणे मे महिन्यात होता, कारण आंबे मे महिन्यात असतात. विद्यार्थी मे महिन्यात नसतात, पण त्यांच्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं.

यंदाची देणगी जाहीर झाली : कॉलेजमागच्या ओसाड कातळावर हिरवंगार लॉन. काम उद्यापासून.

शेवटच्या रांगेतून नम्रता मॅडम उठल्या. त्या वनस्पतिशास्त्र शिकवत, तासाप्रमाणे मानधनावर. तीन वर्षं त्या या मंडळींना पत्रं लिहीत होत्या : सूक्ष्मदर्शक द्या, चार आहेत, त्यातले दोन चालतात. लॉन कोणी मागितलं नव्हतं. त्या कातळावर त्यांची पोरं अकरा पावसाळे लाकडी चौकटी टाकून त्यांच्या आतली रोपं मोजत आली होती. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे तो कातळच.

प्रयोगशाळेच्या कपाटातून एक पान काढून त्या जेवणाच्या मांडवात गेल्या. निलेशशेठ आमरसाची तिसरी वाटी संपवत होते.

"सर, तिथं काही नाही असं नाही. ऑगस्टमध्ये येऊन बघा. पाय ठेवायला जागा नसते, सगळं जांभळं."

"ऑगस्टमध्ये कोण येतं हो इकडे? काळा खडक तो. फोटोत कसा दिसतो बघितलात?"

मॅडमनी पान पुढे केलं. कागदावर चिकटवलेलं बोटभर वाळकं रोप. खाली निळ्या शाईत : सीतेची आसवं. कॉलेजमागचा कातळ. सप्टेंबर १९९६. गोळा करणारा : निलेश शिरधनकर, एस.वाय.

निलेशशेठनी बोटं पुसली. ते पानावर वाकले.

"अरे, हे माझं अक्षर!"

"हो सर."

"किडे खातं ना हे? गुडघ्यावर बसून काढलं होतं मी. वरनं पाऊस." त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

"अजून तिथंच उगवतं, सर. फक्त तिथंच आम्हाला मोजता येतं."

"प्राचार्य, बघितलंत? एवढी वर्षं जपलं! याला म्हणतात संस्था!"

प्राचार्यांनी मॅडमच्या हातातून पान अलगद सोडवून घेतलं.

"मग आता तुमच्याकडेच असू द्या, साहेब. कॉलेजकडून भेट."

पुन्हा टाळ्या. पान आंब्याच्या पेट्यांशेजारी गाडीत गेलं.

मांडवाच्या दाराशी शिपाई धाकू उभा होता.

"कातळ तं गेलाच मॅडम," तो हळूच म्हणाला, "वर पान पन घालवलंत."

कोणीतरी हातात दिलेली आमरसाची वाटी मॅडमनी तशीच उष्ट्या ताटांच्या टोपलीत ठेवली.

ऑगस्टमध्ये त्या वर्ग घेऊन मागे गेल्या. सहाजण होते. खाली सिमेंट, वर लॉन, कडेला बेचाळीस नावांची संगमरवरी पाटी. पालीहून येणारी अक्षया सवयीने चौकट टाकून गुडघ्यावर बसली आणि बराच वेळ गवत चाचपत राहिली.

"मॅडम, याची नोंद काय करू?"

गवत प्लास्टिकचं होतं. आठ वर्षांची वॉरंटी होती.