टिंबापुढचा सात

“मशीन खोटं बोलते तुमची, आत्याबाई! अंडे गार पडून राह्यले. बलब लावू द्या मले!”

“खोटं बोलते? माही मशीन? सदतीस पाइंट चार लिहून राह्यली थे, दिसत नाही काय तुले? काल दुपारी अडतीसच्या वर गेला होता आकडा. उकडून खायचे हायेत काय पिल्लं?”

“कुठचे पिल्लं? काल निघाले पायजे होते. एका अंड्याले चीर तरी पडली काय?”

ऐकलंत? जिच्या नावानं हा शिमगा चाललाय, ती मशीन, हा जुना कॉम्प्युटर, मीच. मीच बोलतेय. माझ्या देखत माझी अब्रू काढतात आणि मला तोंड नाही. आहे तो एक काळा पडदा आणि त्यावर हिरवे आकडे. पण आज गप्प बसायची नाही मी. म्हातारी झाले म्हणून काय झालं, डोकं अजून शाबूत आहे माझं!

ती कमरेवर हात देऊन उभी आहे ना, ती माझी मालकीण बयनाबाई. बल्बच्या बटणाशी उभी आहे ती तिची सून, भाग्यलक्ष्मी. दोघींच्या मधे अंडी उबवायची प्लायवुडची पेटी, आतून थर्मोकोल लावलेली. पेटीत गावरान कोंबड्यांची अंडी आणि एक बल्ब. पेटीतून निघालेली वायर माझ्या पाठीत शिरते. आत किती ऊब आहे ते त्या वायरीतून मला कळतं आणि मी पडद्यावर लिहिते. हवी सदतीस पूर्णांक सात. आकडा अडतीसच्या वर गेला की बयनाबाई बल्ब घालवते, सदतीसच्या खाली आला की लावते. काचेचा थर्मामीटर होता, तो पहिल्याच दिवशी भाग्यलक्ष्मीच्या हातून फुटला. तेव्हापासून सगळा भरवसा माझ्यावर.

आणि हा भाग्यलक्ष्मीचा पहिलाच डाव. नेरडीगोंड्याच्या आसपासच्या पाच-सहा गावांतल्या बायकांची अंडी घेऊन त्यांना तिनं पिल्लांचा शब्द दिलाय. पेटी वाया गेली तर पुन्हा कोण अंडी देणार तिला? सकाळीच तिनं नवऱ्याला बजावलंय, “निर्मलच्या बाजारातून अंडे उबवाची तयार मशीन आना, अन् हे डबडं भंगारात घाला.”

डबडं! मला!

माझा जन्म कुठल्या मुलखात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते आदिलाबादच्या एका सरकारी दफ्तरात. तिथं माझं काम काय, तर दसऱ्याला झेंडूची माळ घालून घ्यायची. बाकी वर्षभर कापडाखाली. माणसांची ही एक मजाच आहे, ज्याची भीती वाटते त्याला नमस्कार करून झाकून ठेवतात.

त्याच दफ्तराच्या ओसरीवर बयनाबाई टाइपरायटर घेऊन बसायची. लोकांच्या अर्ज्या टाइप करायची, मराठीत, तेलुगूत, लागलंच तर इंग्रजीत. कितवी शिकलीस म्हणून एका बाबूनं विचारलं तेव्हा म्हणाली, “तुमी जितकं विसरले ना साहेब, तितकं.” पुन्हा कोणी विचारलं नाही. मला मोडीत काढलं तेव्हा ती मला रिक्षात मांडीवर घेऊन घरी आली. नवरी आणावी तशी!

तिनं रद्दीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचललं, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि माझ्याशी बोलायला शिकली. सोप्या भाषा पुष्कळ होत्या. लोक म्हणाले, त्या शिका. ही म्हणाली, “मधात दलाल कायले पायजे? मशीनच्या बोलीतच बोलीन मी मशीनशी.” म्हणजे असेंब्ली. एका ओळीत एक हुकूम. हे उचल, तिथं ठेव, यातून ते वजा कर, जमलं नाही तर अमक्या ओळीवर उडी मार. इतक्या नेमक्या शब्दांत आयुष्यात कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. मी तर तिच्या प्रेमातच पडले!

आता जरा माझ्या पोटातली गोष्ट सांगते, कारण सगळं रामायण तिथंच घडलं. पूर्ण आकडे माझ्याकडे साधे, सरळ. पण टिंबवाल्या आकड्यांची खोली वेगळी. तिथं सदतीस पूर्णांक सात हा अख्खा एकजीव आकडा असतो आणि त्याचं टिंब एका जागी बसत नाही, तरंगत असतं. तो पडद्यावर लिहायचा तर फोडावा लागतो. जिनिंगमध्ये कापसाची सरकी एकीकडं अन् रुई एकीकडं करतात ना, तसं. टिंबाआधीचा पूर्णांक ही सरकी, टिंबानंतरचा अपूर्णांक ही रुई.

बयनाबाईनं हुकूम लिहिले ते असे: आधी मला पूर्णांक काढून दे. तो मूळ आकड्यातून वजा कर. जे उरेल त्याला दहानं गुण आणि टिंबापुढं लिही. किती देखणं! दिवाळीत तिनं ताडून पाहिलं. खोलीत चोवीस पूर्णांक तीन, उन्हात एकतीस पूर्णांक दोन, थर्मामीटरशी तंतोतंत. अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं होतं तिनं.

आणि आज म्हणे मी खोटारडी.

“तुमी पडद्याले पाहा,” भाग्यलक्ष्मी म्हणाली, “मी अंड्याले पाह्यते.” तिनं पेटीतून एक अंडं उचललं, डोळा मिटला आणि अंडं पापणीला टेकवलं. इंद्रवेल्लीकडची तिची आई असंच पाहायची. हाताची कातडी कामानं राठ होते, पापणीची होत नाही. “गार हाय. परवापेक्षाही गार.”

“बीएस्सी झाली अन् पापणीनं ताप मोजते! तुह्या कालेजात हेच शिकवलं काय व?”

“कालेजात नाही, मायनं शिकवलं!” आणि तिनं सरळ बटण दाबलं.

बल्ब लागला. बयनाबाई ओरडणारच होती, पण तिची नजर माझ्यावर गेली. सदतीस पूर्णांक चार. मग तीन. थोड्या वेळानं दोन. मग एक.

“काऊन?” ती पुटपुटली. “बलब जळून राह्यला अन् आकडा उतरून राह्यला?”

“तेच म्हन्ते मी! अन् आनखी सांगा, इतके दिवस पेटीपुढं बसल्या तुमी. टिंबापुढं सहा, सात, आठ, नऊ पाह्यले काय? एकदा तरी? पाचाच्या वर जातच नाही थे!”

बयनाबाईनं स्टूल ओढलं.

चष्मा कपाळावरून नाकावर आणला. सगळे हुकूम बाजूला सारले आणि मला एकच विचारलं: दोन पूर्णांक सात, यातला पूर्णांक दे.

मी दिला. तीन.

“तीन? दोन दे ना व बाई!”

अहो, पण माझी सवयच तशी! कारखान्यातून निघाले तेव्हापासून पूर्णांक मागितला की मी जवळचा देते. दोन पूर्णांक दोनाला दोन, दोन पूर्णांक साताला तीन. बयनाबाईला वाटलं होतं, मी टिंबानंतरचं छाटून टाकेन. तसं तिनं मला सांगितलंच नव्हतं! छत्तीस पूर्णांक सहाचे मी केले सदतीस. वजाबाकी केली तर उरले उणे चार. आणि रुई कधी उणे नसते म्हणून तिनं चिन्ह पुसून टाकायचा हुकूम आधीच लिहून ठेवलेला. झालं, पडद्यावर सदतीस पूर्णांक चार! ऊब वाढत सदतीसकडं गेली की उणे चाराचे उणे तीन, उणे दोन. बल्ब जळतोय आणि आकडा उतरतोय. दिवाळीत ताडून पाहिलेले आकडे नेमके सगळे अर्ध्याच्या आतले होते. आमच्या दोघींचं बिंग तेव्हाच फुटायचं, ते आज फुटलं.

बयनाबाईनं कपाळावर हात मारला आणि खदाखदा हसली. मग बोटं अशी धावली म्हणता! माझ्या आत एक कंट्रोल वर्ड असतो, माझ्या सवयी त्यात लिहिलेल्या. तिनं तो वाचला, जपून बाजूला ठेवला. पूर्णांकापुरती नवी सवय लावली: जवळचा नको, छाटून दे. काम झालं की माझी जुनी सवय जिथल्या तिथं परत. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना चप्पल काढावी, तसं वागली. असं किती लोक वागतात हो यंत्रांशी?

सगळे हुकूम पुन्हा सुरू झाले. मी फोडला आकडा. सरकी इकडं, रुई तिकडं.

सदतीस पूर्णांक पाच. सहा.

दोघी माझ्यासमोर वाकल्या. भाग्यलक्ष्मीचा श्वास माझ्या काचेवर.

सात!

टिंबापुढचा पहिला सात! माझ्या हातून! मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर छप्पर उडालं असतं.

भाग्यलक्ष्मीनं अंडं पापणीला लावलं. “आता बरोबर.” अंडं जपून ठेवलं आणि वळली. “आता मान्ता ना? मशीन खोटी होती.”

“मशीन खोटी नव्हती.”

“मंग कोन खोटं होतं?”

“मशीनले जे सांगतलं थेच तिनं केलं.”

“सांगतलं कोनं?”

बयनाबाईनं पदर खोचला, काढला, पुन्हा खोचला. त्या दिवशी एकीनं स्टूल सोडलं नाही, दुसरीनं पेटी. जी जेवणापुरती उठेल ती दुसरीचंही ताट आणून ठेवायची. मी सात लिहीत राहिले. आठ झाला की बल्ब बंद, सहा झाला की चालू.

वाचणाऱ्यांनो, एवढंच मागते: कोणत्याही यंत्राला खोटारडं म्हणायच्या आधी त्याला काय सांगितलंय ते एकदा वाचून पाहा. आणि सांगणारा शहाणा असेल तर दोनदा वाचा. मी अजून भंगारात गेलेली नाही. निर्मलची तयार मशीन आली नाही. त्याचं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी घडलं.

पेटीतून आवाज आला. टक्. मग थांबून, टक् टक्. हायवेवरून एक ट्रक गेला, तो जाईतो दोघी श्वास रोखून उभ्या. पुन्हा टक्! कोपऱ्यातल्या अंड्याला चीर गेली, चिरेतून चोच दिसली आणि पाठोपाठ शेजारच्या अंड्यातूनही टकटक सुरू झाली. भाग्यलक्ष्मी रडायलाच लागली. बयनाबाईनं चष्मा काढून पुसला. मग अजून न तडकलेलं एक अंडं उचललं, सुनेच्या मिटलेल्या पापणीला स्वतःच्या हातानं टेकवलं आणि म्हणाली,

“खोटं मीच सांगतलं होतं मशीनले, भाग्या, आता माहा आकडा तुह्या या पापणीले पटला, तरच खरा.”