थंड खोलीतली चिप

‘टेस्टिंगच्या खोलीतला एसी बंद करायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही.’ बोईसरच्या आमच्या छोट्या कंपनीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे बजावतात. मे महिन्यातही इथं माणसं स्वेटर घालून बसतात. मी त्याच खोलीतून बोलतेय. मी एक चिप आहे, करंगळीच्या नखाएवढी.

माझ्या अंगातून प्रकाश धावतो. सिलिकॉनला स्वतःहून उजळता येत नाही, म्हणून दुसऱ्या पदार्थाचा लेझर माझ्या पाठीवर चिकटवला. शेजारी फिल्टर, लेझरनं कोणत्या रंगाचा प्रकाश द्यायचा ते तो ठरवतो. टोकाला डिटेक्टर, म्हणजे माझा डोळा. हवेत विषारी वायू असला की तो नेमका तोच रंग गिळतो. डोळ्यापुढे अंधारतं आणि भोंगा वाजतो. पूर्वी या तिघांना टेबलभर जागा लागायची. आता तिघं माझ्या अंगावर नांदतात. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

मला आखलं रुचितानं. कुंभवलीची मुलगी. तिची आई शालू तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात पिंपं धुते. मला पहिल्यांदा तिथंच बसवायचं ठरलं होतं.

पंधरा दिवस मी प्रत्येक चाचणीत पास झाले. सोमवारी मला पाठवायच्या कागदावर फक्त रुचिताची सही बाकी होती. सहीच्या आधी तिनं भिंतीवरचं बटण दाबलं. एसी थांबला.

भर दुपार. खोली तापली, मी तापले, आणि माझ्या फिल्टरचा नेम चुकला. लेझर शेजारच्या रंगावर सरकला. समोरच्या बंद नळीत वायू भरलेला होता, पण हा रंग तो गिळत नाही. मी पडद्यावर दाखवलं, हवा स्वच्छ. मी खोटं बोलले, तेही अगदी ठामपणे.

विभागप्रमुख एकनाथ सर धावत आले. मागोमाग जुने टेक्निशियन पंढरीकाका.

“एसी कोणी बंद केला?”

“मी.”

“अगं पोरी, आमी तीस वर्षं असंच टेस्टिंग करतोय,” काका म्हणाले. “तुला लय कळतं काय?”

“काका, तीस वर्षांत तुमी एकदा तरी इथं स्वेटर काढला काय?”

सरांनी हसू दाबलं. “फिल्टरचं तापमान कायम ठेवणारा हीटर बसवायचा तर महिना जाईल. तोवर ही चिप तशीच बसू दे तिथं. कर सही.”

सही झाली असती तर मी आज भिंतीवर मिरवत असते. पण गारव्यातलं कौतुक मला नको. मला तापवा, चुका काढा, मग पाठवा. मी टिकेन, मला ठाऊक आहे.

रुचितानं पेनाला टोपण लावलं.

“सर, माझ्या आईच्या पिंपांजवळ एसी नाय. मी सही करणार नाय.”

काकांचा हात बटणाकडे गेला आणि तसाच खाली आला. सर कागदाकडे बघत राहिले. एसी बंद होता, त्यामुळे या खोलीतली शांतता मला पहिल्यांदाच नीट ऐकू आली.