मागची चाकं

योगिताने नाशिकहून जुनी गाडी आणली, तेव्हापासून तिच्या नवऱ्याला, उमेशला, थट्टेला एक कायमचा विषय मिळाला. गाडी दिसायला चारचौघींसारखीच होती. पांढरी, आटोपशीर, घरच्या माणसांपुरती. पण विकणाऱ्याने सांगितलं होतं की हिची चारही चाकं गाडी ओढतात. योगिता जव्हारच्या शाळेत शिकवते; तिने ते नीट समजून घेतलं आणि घरी येऊन उमेशलाही समजावून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाकीच्यांच्या गाड्यांची मागची चाकं काय नुसती शोभेला असतात?"

हा प्रश्न दुसऱ्या दिवशी त्याच्या कचेरीत गेला, तिथून चहाच्या टपरीवर, आणि आठवडाभरात फिरून योगिताच्या शाळेत आला. ती गाडी बाहेर काढायला लागली की कुणीतरी वाकून बघायचं आणि गंभीरपणे सांगायचं, "फिरतायत मॅडम, चारही फिरतायत." योगिताही हसायची. पण आत कुठेतरी तिला लागायचं, कारण ती मागची चाकं ओढतात याचा पुरावा तिलाही अजून मिळाला नव्हता. या गाडीत एरवी पुढचीच दोन ओढतात. ती घसरायला लागली तरच मागची कामाला लागतात. जव्हारच्या डांबरी रस्त्यावर ती वेळ येणार कुठून?

ती वेळ वैशाखात आली. योगिताचा धाकटा भाऊ रोहिदास, त्याचं लग्न ठरलं. या भागात लग्न लावते ती धवलेरी. लग्नाची गाणी तिला पाठ असतात आणि तिने गायल्याशिवाय लग्न लागत नाही. योगिताच्या माहेरी ही जागा गोजाबाईची. योगिताच्या आईचं लग्न तिने लावलं, योगिताचं लावलं. ती मोखाड्यापलीकडच्या एका पाड्यावर नवऱ्याबरोबर राहते. गेल्या साली ती पडली आणि तिचा गुडघा गेला. गाणं शाबूत होतं, पण पाड्यावरून वर सडकेला येणारा चढ काही तिला चढवत नव्हता.

"डोलीत आणू की," रोहिदास म्हणाला. पाड्यावरून न चालणारं माणूस असंच वर येतं. बांबूला घोंगडी बांधायची आणि दोघांनी खांदा द्यायचा. पण गोजाबाईने सांगून पाठवलं, "डोलीतून आजारी मानूस जातो. लग्न लावायला मी डोलीतून नाय येनार. त्या पोरांच्या संसाराला कशाला माझा दुखना लावू?" मग माहेरच्यांनी नाइलाजाने शेजारच्या गावच्या लाडकी नावाच्या तरुण धवलेरीला सांगून ठेवलं. ते ऐकून योगिताला कसंतरीच झालं. एकदा दुसरीला बोलावलं की पुढची सगळी लग्नं दुसरीचीच, आणि गोजाबाईने खाटेवर बसून लांबून ढोल ऐकायचे. ती म्हणाली, "लग्नाच्या दिवशी सकाळी मी तिला गाडीतून आणते. उन्हं डोक्यावर येईपर्यंत आले नाही, तर लाडकीला बसवा."

उमेश सोबत आला. पाड्याच्या उतारावर आल्यावर दोघांनीही खाली बघितलं. रस्त्याचं काम निघालं होतं. नवी लाल माती पसरली होती आणि ती दबावी म्हणून टँकरने तिच्यावर सढळ हाताने पाणी मारलं होतं. पाऊस नाही, ढग नाही, आणि समोर घोटा बुडेल असा चिखल. उतरताना गाडी अर्धी चालली, अर्धी घसरली. "उतरलो तर खरे," उमेश खाली पोचल्यावर म्हणाला. त्यातला 'तर' योगिताला आवडला नाही.

गोजाबाई अंगणात तयार बसली होती. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, केसांत फूल. तिचा नवरा जिव्या धुवट सदरा घालून शेजारी. दोघांना गाडीत बसवेपर्यंत सगळा पाडा गोळा झाला. गोजाबाई मागे पाय पसरून बसली आणि खिडकीतून बायकांकडे अशी बघत होती की नवरीनेही तिच्यापुढे लाजावं.

पहिल्या प्रयत्नात गाडी चढाच्या मध्यावर गेली. पुढची चाकं भिरभिरली. योगिताने लगेच पाय काढला आणि गाडी मुकाट मागे आली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा उमेशने सवयीने दार उघडलं आणि खाली उतरला. त्याच्यामागून जिव्याही उतरला. इकडच्या जीपमध्ये जन्म गेलेली माणसं. चढ आला की उतरायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. गोजाबाई मात्र हलली नाही. हलणार कशी?

एवढ्यात रस्त्याच्या कामावरची दोन पोरं वरून आली. भली पोरं. एकाच्या खांद्यावर बांबू होता, दुसऱ्याच्या हातात घोंगडी. "मावशी, चल, झटक्यात वर नेतो," एक म्हणाला.

गोजाबाईने त्या घोंगडीकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. केसांतलं फूल तिने काढून हातात घेतलं. "पोरी, माला घरी सोड," ती म्हणाली. "लाडकीचा आवाज चांगला हाय. माझ्यापायी लग्न खोळंबायला नको."

योगिताला रडूच आलं. तिला गाडीचा राग आला, विकणाऱ्याचा आला, त्या टँकरवाल्याचाही आला. डोकं स्टेअरिंगला टेकून ती बसली, आणि तिथेच तिला आठवलं. विकणारा म्हणाला होता, पुढची घसरली की मागची लागतात. घसरली की. आणि ती तर त्यांना घसरूच देत नव्हती. चाक जरा भिरभिरलं की तिचा पाय आपसूक वर. ही शिकवण कुणाची? उमेशची. त्यानेच तिला जव्हारच्या मैदानात गाडी शिकवली होती आणि बजावलं होतं, घसरलं की पाय काढ. इतक्या वर्षांत नवऱ्याचं एक काय ते ऐकलं, आणि नेमकं तेच ऐकलं.

पण पायाची सवय अशी सांगून मोडत नाही. तिला ते ठाऊक होतं. ती मागे वळली.

"मावशी, गाणं म्हण."

"हितं? लग्नाचा गाना मांडवात म्हनायचा. आनि एकदा लावला का मध्ये तोडता येत नाय."

"म्हणूनच म्हण. तू तोडायचं नाहीस आणि तुझं संपेपर्यंत मी पाय काढायचा नाही. लग्न तुझ्या दारापासून लागलं असं समज."

 गोजाबाईने फूल परत केसांत खोवलं, पदर सावरला, डोळे मिटले आणि आवाज लावला. वर्षभर कोंडून ठेवलेला आवाज. त्या लहानशा गाडीत तो मावेना.

योगिताने गाडी चढावर घातली. मध्यावर पुढची चाकं भिरभिरली. तिचा पाय वर येऊ लागला, पण मागून गाणं चालू होतं, आणि योगिताच्या आईपासून सगळ्यांना माहीत होतं की गोजाबाई गात असताना कुणी हलत नाही. पाय होता तिथेच राहिला. चाकं घसरली, चिखल उडाला, बांबूवाला पोरगा बाजूला पळाला. आणि मग मागून कुणी तरी खांदा लावावा तसा गाडीला रेटा बसला. मागची चाकं लागली होती. गाडी जरा डावीकडे सरकली, जरा उजवीकडे, आणि चढायला लागली. हळूहळू, कुरकुरत, पण एकदाही न थांबता. योगिता हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते, आणि दोन्हीतलं काहीच तिला थांबवावंसं वाटत नव्हतं.

सडकेवर आल्यावर तिला उमेश आणि जिव्याची आठवण झाली. आरशात दोघे दिसले. नखशिखांत लाल, हात हलवत, ओरडत. "थांब" म्हणत असावेत. पण गाणं कुठे संपलं होतं? गोजाबाई आता पुरती रंगात आली होती. एक गाणं संपतंय असं वाटेपर्यंत तिने त्यातूनच दुसरं काढलं, तेही एका श्वासात. योगिताने शब्द दिला होता, ती तरी काय करणार. मोखाडा गेलं. बाजारातली माणसं वळून बघत राहिली. जव्हारकडचा, माहेरचा रस्ता लागला. मागे नवरे दोघेही राहिले. ते पुढे कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून येतील, याची योगिताला खात्री होती. उमेशला वाटेत विचार करायला भरपूर वेळ मिळणार होता.

मांडवात सगळे ताटकळले होते. उन्हं डोक्यावर आली होती आणि लाडकीला पाटावर बसवलं होतं. तिने सुरुवात करायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. गाडी अजून दिसत नव्हती, पण आवाज येत होता. तो कुणाचा हे विचारायची गरज कुणालाच पडली नाही. लाडकी पाटावरून उठली, बाजूला सरली आणि तिथूनच गोजाबाईच्या मागून पद धरून गायला लागली. मग इतर बायकांनी धरलं. लाल चिखलाने माखलेली गाडी सरळ मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली तेव्हा सगळं अंगण गात होतं.

हळद लागलेला रोहिदास पुढे धावला. त्याने दार उघडलं आणि गोजाबाईला उचलून घ्यायला हात पुढे केले. तिने डोळे न उघडताच तळहात दाखवून त्याला थांबवलं. तो नवरामुलगा तसाच वाकून उभा राहिला, त्याच्यामागे सगळं वऱ्हाड उभं राहिलं. गोजाबाईने कडवं सावकाश, पुरतं पूर्ण केलं. मग तिने डोळे उघडले, मांडवावरून एक नजर फिरवली आणि रोहिदासला म्हणाली,

"उचलू नको. हात दे. चालत जाते."